मदत हवी आहे: गावच्या यादीत आधार नंबर, खाते नंबर सगळं उघडं. कोणत्या कायद्याखाली तक्रार करू?

कपाशी_यवतमाळ (मंगळवार, रात्री ८:१०)
अतिवृष्टी अनुदानाची आमच्या गावची यादी कोणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तीनशेच्या वर नावं. नाव, गट नंबर, मोबाईल, पूर्ण आधार नंबर, बँकेचा खाते नंबर, काहीच झाकलं नाही. ग्रुपमध्ये गावचेच लोक असते तं गोष्ट वेगळी, पण बाहेरगावचे कापूस व्यापारी, ट्रॅक्टरवाले, विम्याचे एजंट सगळे आहेत. नव्या डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे असं वाचलं. तो कोणावर लावायचा, अर्ज कुठं द्यायचा, नमुना असला तं टाका. उद्या सकाळी तालुक्याले जाऊन राह्यलो, आजच्या आज सांगा. यादी खाली जोडली आहे.

संपादक (८:२२)
जोडलेली यादी काढली आहे. तीत सगळ्या गावाचे आधार आणि खाते नंबर दिसत होते. काढेपर्यंत चार जणांनी ती उतरवून घेतली, त्यांनी ती मिटवावी.

कपाशी_यवतमाळ (८:२४)
पुरावा म्हणून टाकली होती. बरं. पण उत्तर तं द्या कोणी.

अर्ज_टाका (८:३१)
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यादी जाहीर करणं हा गुन्हा नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ४ वाचा. अनुदानाच्या योजनांमधल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा आहे. यादी भिंतीवर लागते म्हणूनच मेलेल्या माणसाच्या नावाचं अनुदान कोण उचलतं ते कळतं. या नव्या डेटा कायद्याच्या कलम ४४(३) ने माहितीच्या अधिकारातलं, वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम ८(१)(ञ) बदलून टाकलं. आता "वैयक्तिक माहिती" एवढे दोन शब्द लिहिले की अर्ज फेटाळायला मोकळे. तुमच्यासारखे लोक यादीविरुद्ध ओरडले की त्यांना आयतंच कारण मिळतं.

संत्रापट्टी (८:३८)
भाऊ, यादी लावणं वेगळं, आधार नंबर लावणं वेगळं. आधार कायदा २०१६, कलम २९(४): आधार नंबर सार्वजनिक ठिकाणी प्रसिद्ध करता येत नाही. नाव, गाव, रक्कम लावा, कोणाची ना नाही. आधारचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकले तर तुमचा माहितीचा अधिकार काही मरत नाही. आणि ४४(३) आलं तरी कलम ८(२) जिवंत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यायची सोय त्यात आहे.

अर्ज_टाका (८:४३)
८(२) कागदावर जिवंत आहे. अपिलात जाऊन बघा म्हणजे कळेल. मी १४ वर्षं अर्ज टाकतो आहे.

नवतंत्र (८:४७)
एवढं कशाला? मी एआय चॅटबॉटला विचारलं. त्याने सांगितलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली यादी टाकणाऱ्याला ३ वर्षं शिक्षा होते. नोटिसही लिहून दिली, पाहिजे तर पाठवतो. तुम्ही यादीच त्याच्यात टाका, तो गावातल्या प्रत्येकाच्या नावाने वेगळा अर्ज करून देईल.

कोर्ट_रोड (८:५५)
कृपया तसं करू नका. ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं आहे. ते कलम लिहून अर्ज दिला तर ठाण्यात पहिल्या ओळीलाच तुमची किंमत कमी होते. आणि यादी चॅटबॉटमध्ये टाकणं म्हणजे ज्याची तक्रार करायची तेच पुन्हा आपण करणं. अर्जाचा मजकूर त्याच्याकडून सुधारून घ्यायला हरकत नाही, आकडे मात्र स्वतःच्या हाताने भरा.

आता मूळ प्रश्न. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण माहिती सांभाळायची जबाबदारी आणि दंड सांगणारी मुख्य कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, आणि तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. त्यातला एक रुपया तुम्हाला मिळत नाही. या कायद्यात नुकसानभरपाईच नाही.

मला सांगा: यादी ग्रुपवर टाकली कोणी? कार्यालयातल्या माणसाने की खासगी माणसाने? आणि यामुळे कोणाचं प्रत्यक्ष नुकसान झालं आहे का?

कपाशी_यवतमाळ (९:०२)
सेवा केंद्रवाल्याने टाकली असं म्हणतात. नुकसान म्हणजे माया बाबांच्या खात्यातून १९,५०० गेले, म्हणून तं विचारतो. ते लिहायचं राहूनच गेलं. पण माझा प्रश्न यादीचा आहे.

निवृत्त_शाखाधिकारी (९:०४)
यादी बाजूला ठेवा. पैसे कधी गेले, तारीख-वार सांगा. एकदाच की दोनदा? मेसेज कोणाच्या मोबाईलवर आला? बँकेला लेखी दिलं का? खातं साधं बचत की जनधनचं?

मेव्हण्याचं_झालं (९:०६)
एपीके फाईल (मोबाईलात ॲप बसवणारी) उघडली असेल! माझ्या मेव्हण्याला "आरटीओ चलान" नावाची फाईल आली, दाबली आणि फोनच ताब्यात गेला. फोन फॉरमॅट करा आत्ताच्या आत्ता.

कपाशी_यवतमाळ (९:१२)
बाबांजवळ बटनाचा फोन आहे. ओटीपी कोणी मागितला नाही, फोन आला नाही. शुक्रवारी गेले, १०,००० आणि ९,५००. मेसेज पुण्यात भावाच्या मोबाईलवर गेला, खात्याले त्याचाच नंबर आहे. त्याले वाटलं बाबांनीच काढले असतील, वेचणीच्या मजुरीसाठी. आज फोनवर गोष्ट निघाली तेव्हा कळलं. खातं साधं बचत. बँकेत आज गेलतो, साहेब म्हणाले आधी पोलिसात जा. लेखी काही दिलं नाही.

निवृत्त_शाखाधिकारी (९:२१)
मग नीट ऐका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०१७ पासूनचा. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार. मेसेजचा दिवस धरायचा नाही. शनिवार दुसरा होता, बँक बंद. रविवार बंद. सोमवार एक, आज मंगळवार दोन, उद्या बुधवार तीन. उद्या तुमचा शेवटचा दिवस आहे.

चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे १०,००० पर्यंतचा भार ग्राहकावर येतो. तुमचे दोन्ही व्यवहार त्याच्या आतलेच आहेत. म्हणजे एक दिवस चुकला तर सगळे १९,५०० तुमच्याच अंगावर.

संत्रापट्टी (९:२५)
मेसेज भावाला आला, बाबांना नाही. मग बाबांना कळलं त्या दिवसापासून, म्हणजे आजपासून मोजायला पाहिजे.

निवृत्त_शाखाधिकारी (९:२८)
तो वाद नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकेविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) घाला. बँक नोंदलेला नंबर बघते. जो दिवस हातात आहे तो वादात घालवू नका. ३१ वर्षं काउंटरच्या आत बसलो आहे, उशिराचं कारण आम्ही पहिलं शोधायचो, हे खरं सांगतो.

१९३० ला आत्ता फोन करा, रात्रीही घेतात. नाही लागला तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा आणि पोचक्रमांक लिहून ठेवा. आणि पासबुकात काय छापून आलं ते इथे लिहा, खाते नंबर सोडून.

कपाशी_यवतमाळ (९:४०)
१९३० तिसऱ्यांदा लागला. क्रमांक मिळाला. पासबुकात दोन्ही ओळींत "एईपीएस" आणि पुढं बारा आकडे आहेत. भावानं मेसेज पाठवले, एक १२:४१ चा, दुसरा १२:४४ चा.

वैदर्भी_माय (९:४४)
दादा, एईपीएस म्हणजे अंगठा. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, बाकी काही लागत नाही. यादीतून आधार आणि बँक कळली असेल, पण बोट कुठून आलं? शुक्रवारी दुपारी बाबांनी कुठं अंगठा लावला का?

कपाशी_यवतमाळ (१०:०३)
बाबांना उठवून विचारलं. शुक्रवारी अनुदानाच्या केवायसीसाठी सेवा केंद्रात गेलते. तीन वेळा अंगठा लावाले सांगितला. "काका, उठून नाही राह्यला, पुसून लावा" असं म्हणे. बाबांनी अंगठा धोतराले पुसला, मग त्यानं खोबरेल तेलाचं बोट दिलं, ते लावून पुन्हा ठेवला. वेचणीनं बोटाची कातडी सोलली आहे, बोंडाच्या टोकानं चिरे पडले आहेत, म्हणून उठत नसेल असंच त्यांना वाटलं. रेशनच्या मशीनवर बी तसंच होते. घरी आले तेव्हा एक वाजता पानं वाढली होती. आईले वेळ पक्की आठवते.

अर्ज_टाका (१०:०९)
म्हणजे यादीचा काही संबंधच नाही.

वैदर्भी_माय (१०:१२)
संबंध आहे का नाही ते आत्ता तुम्ही ठरवू नका न् मीही नाही ठरवत. उद्या सकाळी आधी बाबांचे गेलेले पैसे पाहू द्या.

कोर्ट_रोड (१०:२०)
अर्जात "त्याने चोरले" असं लिहू नका. वेळ लिहा: शुक्रवारी अमुक वाजता वडील अमुक कामासाठी केंद्रात होते, तीन वेळा अंगठा घेतला, त्याच वेळात १२:४१ आणि १२:४४ ला दोन व्यवहार झाले, पावती दिली नाही, रोख मिळाली नाही. ते बारा आकडे जसेच्या तसे उतरवा. त्यावरून कोणतं मशीन, कोणता एजंट हे बँकेला काढता येतं. व्यवहार ग्राहकानेच केला हे सिद्ध करायचा भार बँकेवर आहे, हेही एका ओळीत लिहा.

ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६क (दुसऱ्याची ओळख वापरणं) आणि ६६ड (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक) लिहा, सोबत भारतीय न्याय संहितेचं ३१८ (फसवणूक). हद्दीचं कारण सांगितलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, हद्द नसली तरी नोंद घ्यावी लागते. तपास मात्र निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करतो.

भरपाईसाठी आजच्या तारखेला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आहे, लोकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दलचं. ते कंपनीलाच लागतं असा समज आहे, पण एकट्याच्या मालकीचं दुकानही त्यात येतं, म्हणजे सेवा केंद्र येतं. अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, ५ कोटींपर्यंतचे दावे ते ऐकतात. सरकारी कार्यालयाला मात्र हे कलम लागत नाही.

नवतंत्र (१०:२६)
नागपुरात २०२४ मध्ये पोलिसांसाठी मार्व्हल नावाची एआयची संस्था काढली ना सरकारनं? मग एवढा चोर काहून सापडत नाही?

संत्रापट्टी (१०:२८)
भाऊ, तक्रार उद्या सकाळी दाखल होणार आहे. सापडायचं त्याच्या पुढं.

निवृत्त_शाखाधिकारी (१०:३४)
उद्या शाखेत अर्जाच्या दोन प्रती. एकीवर सही, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. साहेब "पोलिसात जा" म्हणाले तर "हो जातो, आधी शिक्का द्या" म्हणा. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन १४४४८.

त्याच अर्जात खात्यावरची अंगठ्याने पैसे काढायची सोय बंद करा असंही लिहा. अनुदान जमा व्हायला त्याने अडत नाही. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येईल.

वैदर्भी_माय (१०:३८)
लॉक केलं की रेशनच्या मशीनवर अंगठा चालत नाही, ते बाबांना सांगून ठेवजा. धान्याच्या दिवशी उघडायचं, घेऊन झालं की पुन्हा लावायचं. आमच्या घरी मागच्या वर्षीपासून असंच चालू आहे. ओटीपी पुण्यातून फोनवर सांगतील ना भाऊ?

कपाशी_यवतमाळ (बुधवार, सायंकाळी ६:५०)
शिक्का मिळाला. पहिल्यांदा नाही म्हणाले, मग मी अर्जातली "बुधवार हा तिसरा दिवस" ही ओळ वाचून दाखवली आणि बाकड्यावर बसून राह्यलो. सव्वा तासानं आवक क्रमांक टाकून दिला. ठाण्यात अर्ज घेतला, गुन्हा अजून नोंदला नाही. लॉक झालं, ओटीपी भावानं सांगितला.

यादी ग्रुपवरून काढली, पण मोबाईलात सगळ्यांच्या आहेच. कार्यालयात आधारचे आकडे झाकून यादी लावा असा अर्ज दिला, आधारच्या १९४७ वरही तक्रार टाकली.

आणखी एक. बँकेत शेजारचे काका भेटले. शुक्रवारीच केवायसीले गेलते, त्याईचाही अंगठा दोनदा घेतला. पासबुक दिवाळीपासून भरलं नव्हतं. माझ्यासमोर मशीनमध्ये घातलं, त्यातबी एईपीएसची एक ओळ निघाली, ८,०००. त्याईनं काढले नाही. त्याईच्या खात्याले मोबाईलच जोडला नाही, मग त्याईचे तीन दिवस कधीपासून मोजायचे? उद्या सकाळी आम्ही सहा जण पासबुकं घेऊन जाऊन राह्यलो, त्याच्या आत सांगा.