टिश्यूचं सँपल प्रेप रोबोटला देऊन टाकावं का?

बीडवाली:
गेल्या महिन्यात ९६ टिश्यू नमुने प्रोटिओमिक्ससाठी (नमुन्यातली प्रोटीन्स एकत्र मोजण्यासाठी) तयार केले, अर्धे मी, अर्धे माझ्या सहकारी मैत्रिणीने. दळणं, लायसिस (पेशी फोडून द्रावण करणं), बीसीए (प्रोटीन किती ते मोजणं), प्रोटीनमधले बंध तोडायला डीटीटी, ते परत जुळू नयेत म्हणून अंधारात आयोडोअ‍ॅसिटामाइड, बीड्स (प्रोटीन धरून ठेवणारे बारीक मणी) धुणं, रात्रभर ३७ अंशांला ट्रिप्सिन (प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम), सगळं एकाच प्रोटोकॉलने. डेटा आल्यावर पीसीए (सारखे नमुने जवळजवळ दाखवणारा आलेख) काढला तर रोगी आणि निरोगी असे दोन गट दिसायला हवे होते, गट दोनच दिसले पण एक तिचा आणि एक माझा! कागदावरची एक ओळ दोघींनी चुकवली नव्हती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की हे काम हातातून काढून लिक्विड हँडलरला (पिपेटिंग करणाऱ्या रोबोटला) द्यायला हवं. हाताने करताना प्लेटच्या पहिल्या वेलमध्ये (खळग्यात) ट्रिप्सिन पडतं आणि शेवटच्या वेलपर्यंत पोचेस्तोवर पाऊण तास गेलेला असतो, अंगठा दुखायला लागतो, धुताना कुठे थोड्या बीड्स ओढल्या जातात. २०१४ ला एसपी३ पद्धत आली, त्यात प्रोटीन मॅग्नेटिक बीड्सवर बसतं, सेंट्रिफ्यूज लागत नाही, नुसतं मॅग्नेट आणि पिपेटिंग. मशीनला याहून सोपं काय हवं?

खलबत्ता:
ताई, त्रास कळतो, पण खापर चुकीच्या पायरीवर फोडताय असं मला वाटतं. तुमच्या दोघींत फरक पिपेटने पडला की दळण्यात पडला हे तपासलंत का? लिव्हर मिनिटभरात विरघळतं, टेंडन किंवा स्किन लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांला, गोठवून कुटली तरी धागे राहतात आणि तेच धागे पिपेटच्या टिपमध्ये अडकतात. आमच्याकडे एकदा लायसेटवर (फोडलेल्या टिश्यूच्या द्रावणावर) चरबीचा थर आला होता, रोबोट ठरलेल्या खोलीवर टिप नेऊन चरबीसकट ओढत गेला, पूर्ण प्लेटभर. माणसाने ट्यूब तिरकी करून बघितली असती. आणि तुकडा शरीरातून काढल्यापासून गोठेपर्यंत जी मिनिटं जातात त्यात फॉस्फोरिलेशन (प्रोटीनवरचे फॉस्फेट) बदलून जातं, तिथे कुठला रोबोट उभा असतो?

रात्रपाळी:
मी बीडवालीच्या बाजूने, पण रोबोट आणला की दुसऱ्या दिवशी चालू होतो असं कुणी समजू नका. अ‍ॅसिटोनायट्राइल (धुण्यासाठीचं सॉल्व्हंट) टिपमधून आपोआप गळतं म्हणून टिप आधी दोन-तीनदा त्याच द्रवाने ओली करून घ्यावी लागते, बीड्स खाली बसतात म्हणून प्रत्येक वेळी उचलण्याआधी ढवळावं लागतं, कडेच्या वेलमधलं पाणी उडतं म्हणून प्लेट सील करावी लागते. हे सगळं जमवण्यात आमचे तीन आठवडे गेले. पण जमल्यावर आज केलेली प्लेट आणि सहा महिन्यांनी केलेली प्लेट शेजारी ठेवून बघता येतात, माणूस बदलला तरी. बंद कॅबिनेटमध्ये काम चालतं त्यामुळे आपल्या कातडीचं नि केसांचं केराटिनही कमी पडतं.

टिपबॉक्स:
सगळेच ९६ च्या गोष्टी करताय. आमच्याकडे एका वेळी १२ नमुने, त्यातही तीन फॉर्मलिन-पॅराफिनमधले. त्यांचं मेण काढा, मग क्रॉसलिंक (फॉर्मलिनने प्रोटीनमध्ये बसलेल्या गाठी) सुटावेत म्हणून ९५ अंशांला तापवा, बाकीच्यांचं गणितच वेगळं. प्रोग्राम लिहीपर्यंत हाताने काम संपतं. शिवाय सुईने काढलेली बायोप्सी काही मिलिग्रॅमची असते, डेड व्हॉल्यूम म्हणून तळाशी थोडं सोडून द्यायची चैन परवडत नाही. आणि नवीन मुलं शिकणार कधी? बफरमध्ये युरिया आहे हे विसरून कुणी तापवलं तर कार्बामिलेशन (प्रोटीनला नको ती रासायनिक जोड) होतं, हे एकदा स्वतः भोगल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

बीडवाली:
@टिपबॉक्स १२ नमुन्यांचं मान्य, तिथे हातच बरा. शिकण्याचं अजिबात मान्य नाही. पेशंटचा परत न मिळणारा तुकडा हा कुणाच्या सरावाची वस्तू नाही, सराव यीस्टच्या लायसेटवर करावा.
@खलबत्ता तुमच्या प्रश्नाने दोन दिवस डोकं खाल्लं. नशीब की रोगी-निरोगी दोघींच्या वाट्याला सारखे आले होते, म्हणून डेटा थोडा तरी वाचला. काल मिस्ड क्लीव्हेजचं (ट्रिप्सिनने कापायच्या राहिलेल्या जागांचं) प्रमाण काढून बघितलं, माझ्या अर्ध्यात स्पष्ट जास्त आहे, म्हणजे माझं ट्रिप्सिन नीट चाललं नाही, आणि ते दळण्यानंतरचंच काम. पण ते कशाने हे मला सिद्ध करता येत नाही. तुकडा नीट फुटलाच नसेल तरी असंच दिसेल.

खलबत्ता:
मग सिद्ध करा ना. एकाच लिव्हरची पावडर घ्या, तिचं लायसेट करून ८ वेल हाताने, ८ रोबोटने. आणि त्याच लिव्हरचे वेगळे ८ तुकडे सुरुवातीपासून वेगवेगळे दळून रोबोटवर. कुठे जास्त पसरतं ते दिसेल.

रात्रपाळी:
प्लेटवर तिन्ही गट मिसळून लावा हं, एका गटाला एक रांग असं नको, नाहीतर कडेच्या वेलचा परिणाम गटाच्या नावावर जाईल.

बीडवाली:
करते. पावडर सोमवारी कुटायला घेणार. खलबत्ता दादा, तुकडे कापताना रक्त धुऊन घ्यायचं की तसंच ठेवायचं?

खलबत्ता:
थंड पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) पटकन बुडवून काढा, आठही सारखेच. नाहीतर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनच मोजत बसाल. प्रत्येक तुकड्याचं वजन आणि फोटो ठेवा. तुकड्यांचा गट जास्त पसरला तर मी म्हणतो ते खरं, हात-रोबोटमध्ये फरक निघाला तर पुढची प्लेट मीही मशीनवर लावीन.