मदत हवी आहे (ऑगस्ट २०२३) : नियामेत अडकलेल्या धाकट्या भावासाठी

नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकलेला माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाची राजधानी नियामे येथे यंत्रदुरुस्तीच्या नोकरीस गेला. २६ जुलै २०२३ रोजी तेथील लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझुम यांना पदच्युत केले आणि ६ ऑगस्टपासून हवाई हद्दही बंद आहे. शेजारच्या नायजेरियाने वीज तोडल्यामुळे त्याचा फोन तासन्‌तास लागत नाही; शेजारी देशांनी घातलेल्या आर्थिक निर्बंधांमुळे बँकेतून रोख रक्कम मिळणे कठीण झाल्याने तो तांदूळ आणि पिण्याचे पाणी मोजून वापरतो आहे. इकडे कोल्हापुरात आई फोन उशाशी घेऊनच झोपते.

परराष्ट्र मंत्रालयाने ११ ऑगस्टला भारतीयांना देश सोडण्याचा सल्ला दिला असून रस्त्याने सीमा ओलांडताना खबरदारी घेण्यास सांगितले आहे. दूतावासात त्याची नोंदणी झाली आहे, परंतु पासपोर्ट अद्याप मालकाकडे आहे, आणि मला सर्वांत मोठी काळजी त्या पासपोर्टचीच वाटते. शेजारच्या बेनिनची सीमा बंद असताना बुर्किना फासोचा असुरक्षित रस्ता त्याने धरावा, की घरातच थांबावे? म्यानमार किंवा सुदानमध्ये अशा दिवसांतून गेलेल्या कोणी रोख पैसे, औषधे आणि कागदपत्रे कशी सांभाळली, हे कृपया सविस्तर कळवावे.