शब्दचर्चा: सीमा, हद्द, शीव आणि पे नदी

प्रश्न:
कोरियाच्या प्राचीन इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे. चीनच्या हान राजवटीतला सम्राट वू याने इ.स.पू. १०८ मध्ये गोजोसन हे कोरियातलं राज्य जिंकून तिथे जे विभाग केले, त्यांना 'वसाहत' म्हणावं की 'प्रांत'? आणि 'गोजोसन व हान यांची सीमा पे नदी होती' या वाक्यात 'सीमा' बरोबर बसतो का? 'सरहद्द' केलं तर?

उत्तर:
आधी सीमा घेऊ, खरा गुंता तिथेच आहे.

'सीमा' संस्कृत, 'शीव' हे त्याचंच घरगुती रूप. मुंबई बेट संपून साष्टीकडे जाण्याची जागा, म्हणून ते शीव. 'हद्द' अरबी, 'सरहद्द' त्याच्यातूनच झालेला. बोलताना शीव गावाची, हद्द पोलीस ठाण्याची, सरहद्द देशाची आणि सीमा कशाचीही. पण चारही शब्द ऐकले की डोळ्यांसमोर एक रेघ येते, अलीकडे आपण आणि पलीकडे ते.

आता 'शी-ची' हा सिमा छ्येन यांचा ग्रंथ काय म्हणतो ते पाहा. आधीच्या छिन राजवटीची लांबची ठाणी राखणं जड जाऊ लागलं, तेव्हा हान राजवटीने ल्याओतुंगमधली (आजच्या ईशान्य चीनमधली) जुनी ठाणी दुरुस्त केली आणि पे नदीपर्यंत हद्द धरली. पुढे यान राज्यातला वी मान हजारावर माणसं घेऊन पूर्वेकडे निघाला. (हे नाव तोडूनच लिहा, जोडलं की वाचक आकाशात बघेल.) त्याने ठाणी मागे टाकली, नदी ओलांडली आणि 'छिनच्या जुन्या रिकाम्या जमिनीत' मुक्काम केला.

म्हणजे ठाण्यांची रांग वेगळी, नदी वेगळी आणि नदीपलीकडे एके काळी छिनची असलेली, आता ओस पडलेली जमीन वेगळी. आपण या तिन्हींवर 'सीमा' हा एकच शिक्का मारतो, आणि मग नकाशावर रेघ कुठे ओढायची यावर भांडण होतं. नदीच्या बाबतीत 'हद्द' ठेवा, मुळात तसाच शब्द आहे. 'सरहद्द' नको, त्यात आजचे देश डोकावतात. पलीकडच्या जमिनीला 'ओस मुलूख' म्हणा.

प्रश्नकर्ती:
पण ही पे नदी आजची कोणती? लेखात नुसतं यालू लिहिलं आहे.

उत्तर:
आज चीन-कोरिया सीमेवर असलेली यालू म्हणणारे आहेत, उत्तर कोरियातली छोंगछोन म्हणणारे आहेत, प्याँगयांगमधून वाहणारी तेदोंग म्हणणारेही आहेत. काही जण तिला पार पश्चिमेला ल्याओनिंगमध्ये नेतात. तेव्हा 'यालू' असं ठोकून लिहू नका, 'पे नदी'च ठेवा.

यातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट सहाव्या शतकातले चिनी भूगोलकार ली दाओयुआन यांची. जुन्या नदीग्रंथात पे नदी पूर्वेकडे वाहत समुद्राला मिळते असं होतं. त्यांना ते पटेना. नदी तशी वाहत असेल, तर वी मानला ती ओलांडायचं कारणच काय? मग त्यांनी गोगुर्यो या कोरियातल्या नंतरच्या राज्यातून आलेल्या दूताला विचारलं. तो म्हणाला, आमचं नगर (म्हणजे प्याँगयांग) नदीच्या 'यांग' बाजूला आहे आणि पाणी पश्चिमेकडे वाहतं. यांग म्हणजे उन्हाची बाजू. नदीच्या बाबतीत उत्तर काठ. ल्वो नदीच्या उत्तरेचं ते ल्वोयांग, हान नदीच्या उत्तरेचं ते हानयांग, म्हणजे जुनं सोल. (प्याँगयांगमधलं 'यांग' मात्र वेगळं अक्षर आहे, त्याचा अर्थ माती.) दूताचं वर्णन तेदोंगला चपखल बसतं. पण त्याच्या काळात तेदोंगला पे म्हणत होते म्हणून सातशे वर्षांपूर्वीची पेही तीच, असं होत नाही. नदीचं नाव माणसांबरोबर सरकतं.

आता 'वसाहत'. आपल्याकडे रेल्वे वसाहतही असते आणि ब्रिटिशांचीही. मूळ शब्द 'ज्युन'. त्यावर राजधानीतून नेमलेला अधिकारी आणि त्याखाली 'श्येन'. हान साम्राज्यात असे शंभरावर विभाग होते, म्हणून 'प्रांत' फार मोठा वाटतो. ज्युनला जिल्हा आणि श्येनला तालुका म्हणा. ललांग (कोरियन उच्चार नांगनांग) या जिल्ह्यात २५ तालुके, ६२,८१२ घरं आणि ४,०६,७४८ माणसं होती, असं 'हानशू' या हान राजवटीच्या इतिहासग्रंथात आहे.

आणखी एक वाचक:
'जिल्हा' म्हटलं की तो मुलूख पहिल्यापासून चीनचाच, असा सूर लागतो. जिंकून घेतलेलं आहे, हे 'वसाहत' निदान सांगतो तरी.

उत्तर:
तुमची हरकत रास्त आहे. २००४ मध्ये गोगुर्योची थडगी चीन आणि उत्तर कोरिया या दोघांच्याही नावाने जागतिक वारशात गेली, आणि त्याच सुमाराला 'गोगुर्यो ही चीनचीच एक स्थानिक सत्ता' या शब्दांवरून सोलमध्ये संताप उसळला होता. पण तो दोष 'जिल्हा' शब्दाचा नाही, 'चीनचा' या शब्दाचा आहे. 'हान राजवटीने बसवलेला जिल्हा' लिहा, आणि ३१३ मध्ये तो गोगुर्योने घेतला हेही लिहा.

शिवाय प्याँगयांगच्या एका कबरीत इ.स.पू. ४५ सालच्या लाकडी पाट्या मिळाल्या आहेत. तालुक्याचं नाव, घरं, माणसं आणि गेल्या सालापेक्षा किती वाढली, असं ओळीने. एकूण माणसं सुमारे २ लाख ८० हजार. ही सरळ जिल्ह्याची दप्तरी नोंद आहे. ललांग ल्याओतुंगमध्ये होता असं उत्तर कोरियातले अभ्यासक मांडत आले. माझ्या मते या पाट्यांपुढे ते टिकत नाही.

प्रश्नकर्ती:
वाक्य असं केलं आहे: 'हान राजवटीने पे नदीपर्यंत हद्द धरली, पलीकडे छिनच्या काळातला ओस मुलूख होता, आणि वी मान तिथे येऊन राहिला.' 'वसाहत' सगळीकडून काढला.