चर्चा: नोकरी सोडून गावाकडे निघालेले सिनेमे आणि पाण्याचा हिशोब

कोरडवाहू (धागाकर्ता)
शहरातली धावपळ सोडून साधं जगायला निघालेला माणूस हा सिनेमावाल्यांचा लाडका विषय. माझा आक्षेप असा की राजीनाम्याचा प्रसंग रंगवून रंगवून दाखवतात आणि पाणी कुठून येणार ते विचारतही नाहीत. असे सिनेमे म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात.

अपवाद म्हणून क्लोद बेरीचा 'जाँ द फ्लोरेत' (1986) बघा. पाठीला कुबड असलेला जाँ हा शहरातला करवसुली कारकून. वारशात मिळालेल्या, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातल्या जमिनीवर ससे पाळायला बायको-मुलीसह येतो. शेजारच्या काका-पुतण्यांना तिथे कार्नेशनची फुलं लावायचीयत, म्हणून त्यांनी झरा आधीच सिमेंट घालून बुजवलाय. जाँकडे पुस्तकं आहेत, पावसाची सरासरी आहे, टाकंही आहे. पण ऐन गरजेला पाऊस समोरच्या डोंगरावर पडतो आणि याचं रान कोरडंच. मग लांबच्या झऱ्यावरून पाणी वाहून आणणं सुरू.

आता आकडेमोड. 1 मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. उन्हाळ्यात पिकाला रोज 5 मिलिमीटर धरा, तर एकराला साधारण 20,000 लिटर. गाढवावरून खेपेला 100 लिटर आणले तरी 200 खेपा. जाँ हरणार हे दिसतंच, आणि म्हणून तो सिनेमा खरा वाटतो.

रानमेवा
असहमत. अहो, एकरभर पाट कशाला सोडताय? जाँने सशांच्या चाऱ्यासाठी भोपळ्याचे वेल लावलेत. वेलाला आळं करायचं, आळ्यात पाणी घालायचं. 300 वेल आणि दिवसाआड 5 लिटर धरले तर 1,500 लिटर, म्हणजे 15 खेपा. जीव जाईल, पण अशक्य नाही. तो बुडतो तो शेजाऱ्यांमुळे. झरा कुठे आहे हे गावात माहीत असलेली माणसं आहेत, तरी एकही तोंड उघडत नाही. तुमच्या गणितात हा आकडा कुठे बसवणार?

सातबारा
दोघांनीही जमीन सोडून दिली. या सिनेमांत जमीन किंवा घर जवळजवळ नेहमी आयतं असतं. जाँला वारशात मिळालं. 'लिटल फॉरेस्ट'च्या जपानी (2014-15) आणि कोरियन (2018) दोन्ही रूपांत नायिका आईच्या घरी परतते. विकत घ्यायची वेळ आली असती तर पटकथा तिथेच अडली असती. आपल्याकडे तर हमखास. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 बघा. तुम्ही शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पुण्यातला आयटीवाला लॅपटॉप मिटून थेट शेतात, हे दृश्य तलाठी कार्यालयाच्या दारातच संपतं.

रानमेवा
आयतं घर मान्य. पण 'लिटल फॉरेस्ट'ला जाहिरात म्हणू नका. जपानी चित्रपटात टोमॅटोचा एक भाग आहे, तो पुन्हा बघा. उघड्यावरचा टोमॅटो तिथल्या पावसाने सडतो, प्लास्टिकचं शेड हवं. नायिका इचिको ते घालत नाही. पैशाचा प्रश्न नाही. शेड घातलं की आपण इथेच राहणार असं ठरून जाईल, ही तिची धास्ती. शेतीतला एक साधा निर्णय आणि मनातली चलबिचल एकाच शेडमध्ये! उन्हाळ्यात घराला बुरशी धरू नये म्हणून ती चूल पेटवते आणि त्याच धगीवर पाव भाजून घेते. एवढं बारीक बघणारा सिनेमा स्वप्न विकत नाही.

टर्बाइन
'स्वदेस' (2004) राहिलाच. गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीचं. झऱ्याचं पाणी साठवून वीज करतात. सूत्र सोपं आहे: प्रवाह (लिटर प्रति सेकंद) गुणिले उंची (मीटर) गुणिले 9.81 म्हणजे वॅट, त्यातले साधारण 60 टक्के हाती येतात. 10 लिटर आणि 20 मीटर धरले तर जेमतेम 1.2 किलोवॅट. 60 वॅटचे एकोणीस दिवे. मे महिन्यात झरा 2 लिटरवर आला की उरतात तीन-चार. शिवाय पाणी आत घेतात तिथल्या जाळीत पालापाचोळा अडकला की प्रवाह पडतो. रोज सकाळी जाळी साफ करणारा माणूस नेमला नाही तर पहिल्या पावसाळ्यातच काम बंद. सिनेमा दिवा लागला की टाळ्या घेऊन मोकळा.

कोरडवाहू
बघा, म्हणजे माझंच म्हणणं. आणि 'स्वदेस'चा नायक मोहन भार्गव कुठे धावपळ सोडतो? गावात येतो तो भाड्याची कॅराव्हॅन घेऊन. अमेरिकेला परत जाऊन नासाचं काम पुरं करतो, मग भारतात येतो तेही विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात काम करता येईल या हिशोबाने. पगार चालूच!

सातबारा
त्यात वाईट काय? तोच एक शहाणा निघाला. पण त्या सिनेमातलं खरं पात्र हरिदास. विणकाम चालेना म्हणून खंडाने शेती धरली, तर गावाने पाणी तोडलं. विणकराने शेती का करावी, म्हणून. प्रोव्हान्समध्ये सिमेंट होतं, इथे जात आहे.

टर्बाइन
याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि एक भर. या कथेमागची प्रेरणा म्हणून ज्या प्रकल्पाचं नाव घेतलं जातं तो नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावचा, 2003 चा, सुमारे 15 किलोवॅटचा. गावकऱ्यांनी श्रमदानाने उभा केला. 2006 मध्ये तो पाण्याखाली गेला, सरदार सरोवराच्या फुगवट्यात. तिथे ना पाणी कमी पडलं, ना शेजारी आडवे आले.

रानमेवा
मग टर्बाइन, कोरडवाहूंचं पाण्याचं गणित बरोबर असूनही माणूस बुडू शकतो, हे तुमच्याच उदाहरणाने ठरलं. आता अल्बर्ट ब्रूक्सचा 'लॉस्ट इन अमेरिका' (1985) बघा. नवरा-बायको घर विकून मोटरहोममधून निघतात. बायको लास वेगासला जुगारात पुंजी घालवते, नवरा शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा होतो, आणि शेवटी दोघं न्यूयॉर्कला जाऊन जुनी नोकरी मागतात. त्यात शेत नाही, झरा नाही. तरी हिशोब चोख आहे की नाही, सांगा.