प्रतिसाद: कच्च्या आहारावर ताकद टिकते का?

कच्च्या आहारावर ताकद टिकते याचा दाखला म्हणून वर कुणी पात्रिक बाबुम्यान या जर्मन बलवान खेळाडूचं उदाहरण दिलंय, पण ते इथे लागू पडत नाही. 2013 मध्ये त्याने 550 किलोंचं जू (वजनं लावलेली लोखंडी चौकट) खांद्यावर पेललं हे खरं, पण तो वीगन आहे, म्हणजे दूध-अंडी धरून प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही; कच्चं खाणारा नाही. 'न शिजवता ताकद येतच नाही' हे दुसऱ्या टोकाचं म्हणणंही मला पटत नाही. आमच्या बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य माणिकराव या उस्तादांपासून तालमीची परंपरा आहे. पैलवानांच्या खुराकातले भिजवलेले बदाम, हरभरे कच्चेच की! फक्त जोडीला दूध-तूप असतं.

खरी अडचण पोटाच्या मापाची. माझा मेहुणा कच्चं खाण्याच्या नादात केळ्यांचे घडच्या घड आणायचा (घरभर चिलटं, ते वेगळंच). 3000 कॅलरी नुसत्या केळ्यांतून हव्यात तर सुमारे 3.4 किलो गर लागतो, आणि त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम 36-37 ग्रॅम. त्याचं पळणं सुधारलं, स्क्वॉटचं (खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचं) वजन मात्र घसरत गेलं. शेंगदाणे, तीळ, मोडाचे मूग भरपूर वाढवल्यावर कुठे सावरलं. बी-12 जीवनसत्त्वाची गोळी मात्र लागतेच. आणि कुणी मोड आणून कच्चा राजमा खायला सांगितला तर ऐकू नका, त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात.