मुलांचा ताबा ठरताना वडिलांना न्याय मिळतो का? : अनुभव

विभक्त झाल्यावर मुलांचा ताबा ठरताना वडिलांची बाजू कितपत ऐकली गेली, हे ज्यांनी स्वतः सोसले त्यांनी येथे लिहावे. नावे कृपया टाळावीत. इंग्लंडमध्ये 1839 पर्यंत मुलांवर कायद्याने बापाचाच हक्क असे. त्या वर्षीच्या कायद्याने आईला सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागता येऊ लागला आणि पुढे लहान मूल आईकडेच असावे, असा संकेत अनेक देशांत रुजला. एक अन्याय दूर झाला. परंतु त्या त्या मुलाला प्रत्यक्षात कोण सांभाळत होते, हा प्रश्न मागेच राहिला, असे माझे मत आहे.

एक वडील : अंतरिम आदेशाने मला महिन्यातले दोन शनिवार मिळाले, तेही न्यायालयाच्या आवारातील भेटीच्या खोलीत. लेकीची वेणी रोज मीच घालत असे आणि रात्री ताप चढला की ती मलाच हाक मारी. कागदोपत्री मात्र मी केवळ कमावता पालक ठरलो. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि अखेरच्या सुनावणीत, मूल जिथे रुळले आहे तिथून त्याला हलवू नये, असा युक्तिवाद झाला. जी व्यवस्था तात्पुरती म्हणून लावली, तीच माझ्याविरुद्धचा पुरावा झाली! लेकीला आईपासून तोडावे असे मला कधीच वाटले नाही. शाळेचे काही दिवस तिने माझ्याकडे राहावे, एवढेच मागणे होते.

एक आई : आम्ही मुलाचा वेळ निम्मा-निम्मा वाटून घेतला आहे. गृहपाठ, लसी, पालकसभा हे सारे त्याचे वडील मनापासून पाहतात. मात्र जिथे मारहाण झाली आहे, तिथे अशी वाटणी कोणावरही लादू नये.

विभक्त पालकांची मुलगी, आता सज्ञान : संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील नववे कलम सांगते की, हिताला बाध येत नसेल तर पालकापासून दुरावलेल्या मुलाला त्या पालकाशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. हा हक्क माझा होता. चर्चा मात्र सदैव बाबांच्या आणि आईच्या हक्काचीच झाली.

आणखी एक वडील : ताबा नसल्याचे कारण सांगून शाळेने मला मुलाचे प्रगतिपुस्तक दाखवण्यास नकार दिला. ज्यांचा खटला चालू आहे त्यांनी शाळेची व दवाखान्याची कागदपत्रे पाहण्याची मुभा, सुट्ट्यांची विभागणी आणि फोनची वेळ आदेशातच स्पष्ट लिहून घ्यावी.