पूररेषा भिंतीवर रंगवायची आहे: चित्रकार आणि इंजिनिअर यांनी सुरुवात कुठून करायची?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या आमच्या दूधगंगेकाठच्या गावात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा रंगवायचं चाललंय. जागा तीन आहेत: मराठी शाळेची रस्त्याकडची भिंत, पंचायतीचा बाहेरचा जिना आणि नदीकडं उतरणाऱ्या वाटेवरचा देवळाचा दगडी कट्टा. दोन चित्रकार तयार आहेत आणि पाणी-विषय शिकलेला एक सिव्हिल इंजिनिअरही येणार आहे. चित्रकारांना नुसती रेघ नकोय, गावाचं चित्र हवंय. इंजिनिअरला वाटतंय चित्राच्या नादात आकडा चुकेल. दोघांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

प्रश्न असे: कामाचा क्रम काय ठेवायचा? जुन्या पुराची उंची आता कशी शोधायची? शाळेच्या भिंतीला खाली लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारी मिठाची पांढरी पूड) लागलाय, तिथं कुठला रंग टिकेल? आणि रेषेजवळ क्युसेक, म्हणजे नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी जातं (विसर्ग), ते लिहायचं का? जानेवारीत सुरुवात करावी असा विचार आहे.

लेव्हल_स्टाफ

आधी उंची, मग चित्र. पण उंची घ्यायच्या दिवशी दोन्ही चित्रकार तिथं हजर पाहिजेत. इंजिनिअरनं आकडे काढून कागदावर दिले आणि चित्रकारानं ते घरी बसून चित्रात बसवले, की काम बिघडतं. चित्राला लागणाऱ्या गोष्टी लेव्हल, म्हणजे उंचीची मापं, घेतानाच दिसतात, त्या कागदावर येत नाहीत.

जुन्या खुणा शोधताना भिंतीवर दोन रेघा सापडतील, गाळाची एक आणि ओलीची एक. पाण्याची पातळी सांगते ती गाळाची. ओल विटांच्या किंवा मातीच्या भिंतीत केशाकर्षणानं वर चढते. पाणी दोन-तीन दिवस थांबलं तर ती खऱ्या पातळीच्या दीड-दोन फूट वर सहज जाते. गावात "इथंवर पाणी होतं" म्हणून जी जागा दाखवतात ती पुष्कळदा ओलीचीच निघते, आणि मग तीच रंगते. गाळाची रेघ बारीक, करडी, वरची कड सरळ असलेली असते. ओलीची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वाकडी असते आणि तिच्यावर पांढरी पूड दिसते.

बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या खुणा जास्त भरवशाच्या. बाहेर बोटीच्या आणि ट्रॅक्टरच्या लाटांनी गाळ अर्धा-एक फूट वर उडालेला असतो. दाराच्या मागं, भिंतीतल्या कपाटाच्या पाठीमागं, विजेच्या मीटरच्या पेटीत आणि देवळाच्या गाभाऱ्यात बघा. एका जागेच्या आसपास तीन तरी खुणा मिळवा. त्या १० सेंटिमीटरच्या आत जुळल्या तर मधली धरा. जुळल्या नाहीत तर आणखी दोन शोधा, सरासरी काढून मोकळं होऊ नका.

२००५ साठी बहुतेक माणसांच्या आठवणीवरच जावं लागेल. "जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी होतं" असं कुणी सांगितलं तर जिना नंतर बांधलाय का, खाली काँक्रीट पडलंय का, हे आधी विचारा. रस्ता दर वेळी चार-सहा इंच वर येतो. म्हणूनच भिंतीवर "रस्त्यापासून ५ फूट" असं कधीच लिहू नये. चार वर्षांनी ते खोटं ठरतं.

हलणार नाही असा एक दगड पक्का करा, जसा देवळाचा उंबरा किंवा पुलाच्या कठड्याचा पाया. त्याला १००.००० मीटर धरा. सगळ्या खुणा आणि तिन्ही जागा त्या दगडाला बांधा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा बेंचमार्क (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली पक्की खूण) जवळ सापडला तर पुढं कधीही सगळे आकडे समुद्रसपाटीवर नेता येतील. मोबाईलच्या जीपीएसवरून उंची अजिबात घेऊ नका. त्याची उभी चूक दहा-दहा मीटरची असू शकते. शिवाय काही ॲप समुद्रसपाटीऐवजी लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची दाखवतात, आणि आपल्या भागात तो फरक साठ मीटरच्या वर आहे.

ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) भाड्यानं मिळतो. ज्या दगडापासून मोजायला निघालात त्याच दगडावर परत येऊन फेरी बंद करा. साध्या कामाला मान्य चूक २४ गुणिले अंतराचं वर्गमूळ इतके मिलिमीटर, अंतर किलोमीटरमध्ये. म्हणजे अर्धा किलोमीटरच्या फेरीत १७ मिलिमीटर. जास्त आली तर परत फेरी.

नळी_पाणी

लेव्हल मिळाली नाही तर गवंड्याची पारदर्शक नळी चालते. अर्धा इंची, १५-२० मीटर लांब. पाणी भरताना बुडबुडा राहिला की दोन्हीकडची पातळी फसवते, म्हणून नळी जमिनीवर पसरून सावकाश भरा. टोकांची बुचं काढल्याशिवाय खूण करू नका. नळीचा एक भाग उन्हात आणि दुसरा सावलीत असेल तरीही फरक पडतो. सकाळी लवकर करा.

रंग_चुना

रंगाचं सांगतो. आधी भिंत ओली आहे का ते बघा. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवून ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत श्वास घेतेय. तिच्यावर ऑईल पेंट किंवा जाड ॲक्रिलिक मारलं तर ओल आत कोंडते, फुगे येतात आणि एका पावसाळ्यात पोपडे निघतात.

लोणा लागलेला भाग पाण्यानं धुऊ नका. मीठ विरघळून परत आत जातं. कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडा, पूड गोळा करून बाहेर टाका आणि पंधरा दिवस थांबून परत झाडा. वरून सिमेंटचं प्लास्टर चढवायचा मोह होतो, तो आवरा. ओल प्लास्टरच्या वरच्या कडेनं बाहेर पडते आणि नेमकी तुमच्या रेषेच्या पट्ट्यातच फुटते.

खालच्या तीन-चार फुटांना चुना. १ किलो कळीचा चुना, साधारण ५ लिटर पाणी, २४ तास भिजवून कापडातून गाळलेला. विरवताना तो उकळतो. चेहरा लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि प्लास्टिकची बादली वापरू नका. भिंत आधी ओलवून दुधासारखे पातळ तीन हात द्या. एकच जाड हात दिला तर तो तडकून झडतो. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. गेरू, पिवडी आणि काळा आयर्न ऑक्साईड चुन्यात टिकतात. नीळही चालते. प्रशियन निळा मात्र चुन्यात मरतो, काही दिवसांत तपकिरी पडतो. चित्रात नदी निळी असणार, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वाळल्यावर चुन्याचा रंग खूपच फिका होतो, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात नमुना मारून दोन दिवस वाळू द्या.

लोण्याच्या वर भिंत कोरडी निघाली तर बाहेरचं ॲक्रिलिक इमल्शन चालेल. नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवसांच्या आत रंग नको. जानेवारी-फेब्रुवारी हा बरोबर काळ आहे. मे महिन्यात चुना वाळतो, पण पकडत नाही.

आता चित्राबद्दल. रेषेच्या पट्ट्यात पर्स्पेक्टिव्ह नको, लहान-मोठं प्रमाणही नको. जे काढाल ते खऱ्या मापाचं काढा. म्हशीची पाठ साडेचार फुटांवर, पाच वर्षांचं पोर साडेतीन फुटांचं, मीटरची पेटी जिथं असते तिथंच. रेष खऱ्या उंचीवर आणि म्हैस अर्ध्या मापाची असली, तर बघणाऱ्याला पाणी म्हशीच्या डोक्यावर गेलेलं दिसतं. तिथं चित्र खोटं बोलतं. इंजिनिअरची भीती इथं खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय चित्रकाराच्याच हातात आहे.

एक गोष्ट चित्रकारांच्या फायद्याची. शाळेसमोरचा रस्ता उतरता असेल तर रेष सपाट राहील आणि जमीन खाली जाईल. एकाच भिंतीवर एका टोकाचा माणूस गुडघ्याइतक्या पाण्यात असेल आणि दुसऱ्या टोकाचा छातीइतक्या. ती आकृत्यांची रांग कल्पनेतून काढायची गरज नाही, लेव्हलच्या वहीतूनच निघते.

लेव्हल_स्टाफ

वरचं शंभर टक्के बरोबर. त्याला जोडून: तिन्ही जागी एकच उंची नेऊ नका. पुराच्या पाण्याचा वरचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो. समजा उतार दहा हजारास एक असेल तर एका किलोमीटरला १० सेंटिमीटर. देवळाची खूण देवळाच्या कट्ट्यावर आणि शाळेची खूण शाळेच्या भिंतीवर. तो १०० मीटरचा पक्का दगड फक्त ताळा घ्यायला.

खानापूर_भट्टी

चित्रकारांच्या मनात भाजलेल्या मातीच्या टाइल असतील तर आधीच सांगतो. खानापूरची माती या कामाला चांगली आहे आणि तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आहे, सल्ला मिळू शकेल. पण मोजपट्टी टाइलमध्ये भाजू नका. ओल्यापासून भाजल्यापर्यंत माती शेकडा आठ-दहा आकसते आणि प्रत्येक टाइल सारखी आकसत नाही. ओल्या मातीवर कोरलेला फूट अकरा इंचांचा निघेल. टाइलवर चित्र करा, आकडे नंतर भिंतीवर.

आठ इंचांपेक्षा मोठी टाइल वाकते. जाडी १२ ते १५ मिलिमीटर, पाठीला आडव्या खाचा, आणि सावलीत हळूहळू वाळवणं. बसवायच्या आधी टाइल पाण्यात बुडवून काढा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि वर्षभरात निसटते. लोण्याच्या पट्ट्यात टाइल नकोच.

दूधगंगाकाठ

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. ओलीची रेघ हा मुद्दा आमच्या ध्यानातच नव्हता, पंचायतीजवळची खूण तीच असणार. दोन गोष्टी राहिल्या. इंजिनिअर मीटर म्हणतोय, गाव फूट म्हणतंय. आणि क्युसेकचं? पावसाळ्यात सगळे मोबाईलवर कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्गच बघत असतात.

लेव्हल_स्टाफ

भिंतीवर फूट, वहीत मीटर. पूर आला की गाव फुटातच बोलतं.

क्युसेक रेषेशेजारी लिहू नका. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २,८३२ घनमीटर, पण तेवढ्याच विसर्गाला पातळी दर वेळी सारखी नसते. पूर चढताना आणि उतरताना तिच्यात फरक असतो. तुमच्याकडं तर आणखी एक कारण आहे. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. मग दूधगंगेचा विसर्ग कमी असूनही तुमच्या दारात पाणी. भिंतीवर एकच आकडा असला तर त्याच्या खाली विसर्ग आहे म्हणून लोक निवांत राहतील. तो धोका पत्करू नका.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, किंवा सांगलीच्या आयर्विन पुलाचे ४० आणि ४५, हे फूट त्या-त्या जागेच्या शून्यापासूनचे आहेत. तुमच्या भिंतीवरच्या फुटांशी त्यांचा थेट संबंध नाही.

त्यापेक्षा रेषेशेजारी भिंतीतच काळा फळा रंगवा. रकाने चार: तारीख, सकाळी ८ ची आपल्या पट्टीवरची पातळी, राजापूरचा विसर्ग, राजारामचे फूट. खडूनं रोज लिहायचं, संध्याकाळी वहीत उतरवायचं. चार-पाच पावसाळ्यांनी तुमच्या गावाचा स्वतःचा अंदाज उभा राहील. चित्रकारांनी हा फळा चित्राचाच भाग धरावा. कोपऱ्यात ढकलला तर कुणी लिहिणार नाही.

सीमाभाग_अक्षर

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत, सारख्याच उंचीच्या अक्षरांत. आकडे इंग्रजी ठेवा, ते दोन्हीकडचे वाचतात. दहा फुटांवरून वाचायला एक इंच अक्षर, म्हणजे रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून, तीन इंच. कन्नड मजकूर मोबाईलवरच्या भाषांतरावरून उतरवून घेऊ नका, वेलांटी-काना चुकतो आणि ते गावात बोचतं. कन्नड शाळेतल्या सरांकडून लिहून घ्या.

मजकूर छोटा असू दे. "पाणी इथं आलं की जनावरं हलवा." ती रेष कुठली ते पंचायत आणि जनावरं असलेली घरं बसून ठरवू देत.

लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, काहींना तो भेद दिसत नाही. २०१९ ला सलग पट्टा, २०२१ ला तुटक, २००५ ला ठिपके. रात्रीसाठी रेडियम पट्टी, पण ती थेट भिंतीवर टिकत नाही. एसीपी शीटच्या (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पत्र्याच्या) तुकड्यावर चिकटवून तो तुकडा स्क्रूनं बसवा.

शाळेच्या भिंतीसाठी एसडीएमसीचा (शाळेच्या समितीचा) ठराव आणि पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) लेखी परवानगी आधी घ्या. ठरावातच घाला की पुन्हा रंगकाम झालं तरी रेष आणि आकडे पुसायचे नाहीत.

रंग_चुना

ठरावाबरोबर भिंतीतही सोय करा. प्रत्येक रेषेच्या दोन टोकांना नेमक्या पातळीवर स्टेनलेसचा स्क्रू प्लगमध्ये बसवा, डोकं भिंतीबाहेर ५ मिलिमीटर. शाळा पुन्हा रंगवली, कुणी जाहिरात मारली, तरी दोन स्क्रूंमध्ये दोरी ताणली की रेष परत मिळते. साधा लोखंडी खिळा वापरू नका. तो गंजतो आणि तांबडा ओघळ भिंतीवरून खाली येतो. दोन वर्षांनी बघणाऱ्याला तो ओघळच पाण्याची खूण वाटते.

आणि चित्रकारांचं मानधन धरताना लेव्हल घ्यायचे दिवसही मोजा. ते दिवस फुकटात धरले की चित्रकार त्या दिवशी येत नाहीत, आणि गाळाची रेघ कुठली, ओलीची कुठली, हे त्यांना कधीच दिसत नाही.